धडा संपेपर्यंत

मृत्यू सगळे वाद मिटवतो, असं म्हणतात. म्हणणारे बहुतेक जिवंत असतात, त्यामुळे त्यांना ही माहिती कुठून मिळाली हा प्रश्न उरतोच. तुला जाऊन पंचवीस दिवस झाले, अनुग्रह, आणि एवढ्या दिवसांत मी तुझ्याशी जितका वाद घातला तितका आधीच्या एकोणीस वर्षांत घातला नसेल. भांडी घासताना घालतो. गाडी चालवताना घालतो आणि बेसिंगस्टोकच्या त्या असंख्य राउंडअबाउटपैकी कुठल्यातरी एकावर हवी ती एक्झिट सोडून पुन्हा गोल फिरतो. पूर्वी तू मध्येच "अरे परूश्या, ऐक तर खरं" म्हणायचास. आता म्हणत नाहीस. त्यामुळे माझे मुद्दे फारच बिनतोड व्हायला लागलेत आणि मला ते खोटे वाटायला लागलेत.

परूशी, म्हणजे बायबलातला तो शास्त्र कोळून प्यालेला ढोंगी, हे नाव तूच ठेवलंस. नगरकडच्या पाळकाचा मुलगा, शास्त्र तोंडपाठ, विश्वास जवळजवळ शून्य. दुसरं काय म्हणणार, असं तू सगळ्यांना माझी ओळख करून देताना सांगायचास. मी नाही म्हणायचो नाही. ओळख बरोबर होती.

परवा शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये तुझ्या आठवणीची, आभाराची उपासना झाली. इथे इंग्लंडात माणूस गेल्यावर तारीख मिळायलाच तीन आठवडे लागतात. तू असतास तर त्यातून धीर धरण्याचा एखादा धडा काढला असतास. पडद्यावर फोटो फिरत होते. तुझ्या फोटोंच्या मध्ये मध्ये कुणीतरी एक बर्फाचं शिखर आणि त्यावर घिरट्या घालणारा गरुड टाकला होता. आपण एकोणीस वर्षांत जिथे जिथे चढलो तिथे मेंढ्या होत्या. गरुड एकदाही दिसला नाही. चार जण बोलले. एकाने तुला नम्रतेचं शिखर म्हटलं, दुसऱ्याने नम्रतेचा महासागर. दोघांनीही एकच उदाहरण दिलं: अनुग्रह डोंगरावर नेहमी सगळ्यांच्या मागे चालायचा.

तू मागे का चालायचास, ते त्या हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं असं त्यांना वाटत होतं. पूर्ण खरं फक्त मला माहीत आहे, असं मला वाटत होतं.

तुला माहीत असलेल्या गोष्टी आता मी तुलाच सांगणार आहे. अशा लेखात तेच करायचं असतं.

आपली संगती म्हणजे दर दुसऱ्या रविवारी, इंग्लिश मंडळी घरी जेवायला गेली की त्यांच्याच चर्चच्या हॉलमध्ये जमणारी तीस-पस्तीस मराठी माणसं. मी यायचो ते मराठीसाठी आणि नंतरच्या जेवणासाठी. हे मी कधी लपवलं नाही. महिन्यातला एक शनिवार मात्र तुझा. तू लोकांना डोंगरावर न्यायचास आणि माथ्यावर पोचलं की जॅकेटच्या आतल्या खिशातून धडा काढायचास. तो आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, घरी बसून टाइप केलेला असायचा. एक पान, मोठी अक्षरं, वर लॅमिनेशन. डोंगरावरून देवाच्या आज्ञांच्या पाट्या घेऊन उतरणारा एक म्हातारा शास्त्रात आहे. तू पाट्या घेऊन चढायचास.

"अनुभव यायच्या आधीच धडा?" मी पहिल्याच खेपेला विचारलं होतं.

"पावसात कागद भिजतो रे."

"मी कागदाबद्दल विचारत नाहीये."

"कळलं मला तू काय विचारतोयस. हे बघ, धडा आधी लिहिला नाही ना, तर माणूस वर जाऊन नुसतं सँडविच खातो."

"मग खाऊ दे की."

"परूश्या, सँडविच कार पार्कमध्येपण खाता येतं."

याला मी पुढची बारा वर्षं वेगवेगळी उत्तरं देत राहिलो. चढताना जो माथा दिसतो तो माथा नसतोच, त्याच्या मागे आणखी एक असतो. तुझ्या धड्यात याचा अर्थ असा, की थकू नकोस, वचन पुढे आहे. मी म्हणायचो, याचा अर्थ असा, की नकाशावरच्या रेषा निघायच्या आधी मोजायच्या असतात. एकदा तू खडकावर बांधलेल्या घराचं कार्ड घेऊन आलास, आणि त्या अख्ख्या डोंगरावर खडक म्हणून नव्हता. गुडघाभर दलदल होती. तू तरी वाचलंस. तुझी एस्तेर तेव्हा तेरा वर्षांची असेल. चिखलातून बूट उपसत ती म्हणाली, "डॅडी, हा चुकीचा कार्ड आहे." सगळ्यात मोठ्याने तूच हसलास. मग पुढची ओळ वाचलीस.

हे मला तेव्हा फार हास्यास्पद वाटायचं. आता त्यातलं काय हास्यास्पद होतं ते नीट सांगता येत नाही, आणि त्याचाही राग येतो.

तो ऑक्टोबर. सात वर्षं झाली. दोन गाड्या, नऊ माणसं, सेव्हर्नचा पूल ओलांडून वेल्सच्या ब्लॅक माउंटन्समधली ती लांबच लांब धार. संगतीतला संदेश त्या शनिवारी कामावर ऑन-कॉल होता, म्हणून त्याने आईला आपल्याबरोबर पाठवलं होतं. सुलभामावशी, अडुसष्ट वर्षांच्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर नगरहून मुलाकडे आलेल्या. साडीच्या आत थर्मल, साडीच्या वर सुनेचं गुलाबी जॅकेट. "आईला तुझ्या भरवशावर पाठवतोय हं," असं संदेश तुला म्हणाला होता, आणि तू ते आम्हाला गाडीत दोनदा सांगितलंस. तुला कौतुक वाटलं होतं. तुझ्या भरवशावर कुणीतरी आई पाठवली याचं.

मावशी नागपूरच्या त्या नव्या जोडप्यापेक्षा चांगल्या चालत होत्या. हवा स्वच्छ होती. माथ्याच्या जरा अलीकडे मेंढ्यांसाठी बांधलेली जुनी दगडी भिंत होती, अर्धी पडलेली. ती ओलांडून आपण वर पोचलो, तू पाय रोवून उभा राहिलास आणि कार्ड काढलंस. हरवलेल्या मेंढराचा दाखला. शंभरातलं एक हरवतं, आणि मेंढपाळ बाकीची नव्याण्णव सोडून त्याच्या शोधात जातो. तू वाऱ्याच्या वर आवाज काढून वाचायला लागलास. तुझा आवाज हाच तुझा खरा दोष होता. तो फार चांगला होता, त्यामुळे त्याला थांबायची सवय नव्हती.

मी मोजलं. सहज. कंटाळा आला की मी मोजतो. वडिलांच्या प्रवचनात खिडक्यांच्या काचा मोजायचो. तुला धरून आठ. पुन्हा मोजलं. आठ. मावशी नव्हत्या.

आणि मी बोललो नाही.

हे वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली. त्यानंतरचं वाक्य त्याहून वाईट आहे: मी बोललो नाही, कारण मला मजा येत होती. सात माणसांसमोर एक माणूस हरवलेल्या मेंढराचा दाखला वाचतोय आणि त्याचं एक मेंढरू हरवलेलं आहे. अशी गोष्ट आयुष्यात एकदाच घडते. तू 'आमेन' म्हणालास की मी काय म्हणायचं ते मी जुळवत होतो. कुठे थांबायचं तेसुद्धा ठरवलं होतं. तुझं कार्ड लॅमिनेट केलेलं होतं, एवढाच आपल्यात फरक. मावशी मागे कुठेतरी दमून टेकल्या असतील असं मी धरून चाललो होतो, आणि पश्चिमेकडून ढग चढत येतोय हे मला दिसत होतं. दोन्ही एकाच वेळी.

"आमेन," तू म्हणालास.

"मेंढपाळसाहेब," मी म्हणालो, "जरा मोजता का? आठच आहेत."

दोघं-तिघं हसले. तूही हसलास. मग तू बोट दाखवत मोजायला लागलास, आणि सहावर पोचेपर्यंत तुझा चेहरा पार उतरला.

मागे राहिलेला माणूस मागेच असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं, आणि ज्या वाटेने आलो होतो त्याच वाटेने हाका मारत आपण खाली धावलो. पाच मिनिटांत धुकं असं उतरलं की पुढचा माणूस दिसेना. तीन तास. शेवटी डोंगरावर शोध घेणाऱ्या स्वयंसेवकांना मावशी धारेच्या भलत्याच अंगाला, खूप खाली, एका कुंपणाशी मेंढ्यांच्या मध्ये बसलेल्या सापडल्या. मनगट मोडलेलं, ओठ निळे. हॉस्पिटलात दोन रात्री काढाव्या लागल्या. त्या सापडल्या हे तुला कळलं तेव्हा तू अजून वरच होतास, आणि खाली आलास तेव्हा तुझा आवाज बसला होता. तो पुढे महिनाभर नीट आला नाही.

हॉस्पिटलात मावशींनीच वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "मेंढरं बरी होती बाई," त्या नर्सला मराठीत सांगत होत्या, "गप्प बसतात." संदेश हसला नाही. तो तुला कॉरिडॉरमध्ये एवढंच म्हणाला, "भरवशावर पाठवली होती." त्यानंतर तो संगतीला आला नाही आणि तुझ्याशी बोलला नाही. मावशी व्हिसा संपायच्या आधीच नगरला परत गेल्या.

पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी तू उभा राहिलास. साक्ष कशी द्यायची असते ते आपल्या लोकांना चांगलं माहीत आहे. संकट येतं, प्रार्थना होते, सुटका होते, आणि दर वर्षी सांगताना पुराचं पाणी थोडं थोडं वाढत जातं. तू म्हणालास, "मी मोजलं नाही." आणि थांबलास. मागून कुणीतरी सावरायला म्हणालं, "पण प्रभूनं वाचवलं!" तू म्हणालास, "वाचवलं प्रभूनं. हरवलं मी." मग माझ्याकडे हात केलास. "याच्या लक्षात आलं म्हणून. नाहीतर मी जेवणाचे डबे उघडले असते."

तीस माणसं वळून माझ्याकडे कृतज्ञतेने बघायला लागली. मी मान खाली घातली. तीही नम्रता समजली गेली.

घरी परतताना गाडीत मी तुझ्यावर चिडलो. तुला कारण कळलं नसेल. "एवढं नाटक कशाला?" मी म्हणालो. "मोठेपणाच्या खुर्चीवरून उतरायचापण समारंभ केलास."

तू गिअर बदललास. मग विचारलंस, "तू काय केलं असतंस?"

चिडून नाही, टोमणा म्हणून नाही. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. पुढे राउंडअबाउट आला. मी म्हणालो, "लेफ्ट लेनमध्ये राहा." एवढंच म्हणालो. आपल्या दोघांमध्ये जे काही बोलायचं राहिलं, ते त्या लेनमध्ये आहे.

त्यानंतर तू कार्डं करणं बंद केलंस, आणि कधीच पुढे चालला नाहीस. नकाशा माझ्या हातात दिलास, कारण काय, तर याचं लक्ष असतं. सात वर्षं मी पुढे आणि तू मागे. प्रत्येक कुंपणाच्या फाटकाशी तू थांबायचास, सगळे पार होईपर्यंत फाटक धरायचास, कडी लावायचास आणि मराठीत मोठ्याने आकडा म्हणायचास. "सात!" "अकरा!" वेल्समधले मेंढपाळ कुतूहलाने बघायचे. माथ्यावर पोचलं की लोक सवयीने माझ्याकडे बघायचे, धड्यासाठी. मी म्हणायचो, "जेवा." मागून तुझा आवाज यायचा, "आमेन." सगळे हसायचे. मी पण. तो आकडा ऐकला की दर वेळी मी चालण्याचा वेग वाढवायचो. तू मागून ओरडायचास, "अरे, पळतोयस कुठे?"

माझे वडील गेले तेव्हाचं सांगू का? फ्लाइट मिळेपर्यंत नगरला माती होऊन गेली होती. मी ऑफिसला गेलो, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. शनिवारी तू दारात येऊन उभा राहिलास, माझे बूट हातात दिलेस आणि डार्टमूरला घेऊन गेलास. दोघंच. सहा तास तू एक शब्द बोलला नाहीस. एवढा मोठा पाळक गेला, त्याचा नास्तिक मुलगा हाताशी होता, धड्याला याहून चांगली जागा नव्हती, आणि तू बोलला नाहीस. फक्त पहिल्या फाटकाशी मी पार झालो, मागून तू आलास, कडी लावलीस आणि सवयीने म्हणालास, "दोन."

पुढच्या फाटकाशीही. "दोन."

मी पुढे चालत राहिलो म्हणून तुला माझा चेहरा दिसला नाही. तेव्हा सांगायला हवं होतं. तुझ्या त्या बारा वर्षांच्या सगळ्या पाट्यांनी जे झालं नव्हतं ते त्या एका आकड्याने जवळजवळ झालं होतं. जवळजवळ. मग तू थर्मासमधून चहा ओतलास, मी म्हणालो साखर जास्त आहे, आणि ती वेळ गेली.

तुला मरण डोंगरावर आलं नाही. शनिवारी बोलणाऱ्यांपैकी एकाला ते अजून पचलेलं नाही. तू सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये गेलास, सकाळी अकराला, हातात भाजीच्या दोन पिशव्या घेऊन. अख्ख्या हॅम्पशायरमध्ये याहून सपाट जागा नसेल.

आठ दिवसांनी तुझ्या घरून निर्मलावहिनी आल्या. पर्समधून ते कार्ड काढून टेबलावर ठेवलं. तेच. हरवलेल्या मेंढराचं, कोपरे थोडे सुटलेले. "भाऊजी, त्याच्या ड्रॉवरमध्ये होतं. बाकीची सगळी त्यानं टाकून दिली, हे एकच ठेवलं. उपासनेच्या दिवशी तुम्ही वाचा."

"मी? मी कुठला विश्वासणारा, वहिनी?"

"त्याला चाललं असतं. तुम्ही वाचलं तर लोक ऐकतात, काहीतरी खोचक बोलाल म्हणून." मग पर्स उचलता उचलता म्हणाल्या, "संदेश येतो म्हणालाय."

मग मला झोप लागेना. बसवेनाही. काय बोलायचं ते सहा वेळा लिहिलं. पहिल्या मसुद्यात मी विनोदी होतो. दुसऱ्यात पापी. तिसऱ्यात इतका सुरेख पापी, की वाचून माझेच डोळे भरून आले. तो मी फाडला. कबुलीतसुद्धा मी बरा दिसत होतो. आणि प्रश्न काही माझ्या दिसण्याचा नव्हता. संदेशने सात वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याच्या वाट्याच्या रागात माझाही हिस्सा होता, आणि तो तू न विचारता भरून गेलास. मी गप्प राहिलो तर तू कायमचा तो माणूस राहणार होतास, ज्याने मोजलं नाही. आणि मी कायमचा तो, ज्याच्या लक्षात आलं.

तू असतास तर तुला विचारलं असतं. ही अडचण लक्षात घे. मला ज्याचा सल्ला हवा होता तो माणूस मेलेला होता, आणि जिवंत होता तेव्हा मी त्याला लेफ्ट लेनमध्ये राहायला सांगितलं होतं.

शनिवारी मी उभा राहिलो आणि कार्ड वाचलं. सगळं, तुझ्या त्या लांब वाक्यांसकट. मग खाली ठेवलं. लिहिलेलं काही काढलं नाही. म्हणालो, "त्या दिवशी त्यानं हे वाचायला सुरुवात केली तेव्हा मी मोजलं होतं. आठ होते. मला माहीत होतं. हे संपेपर्यंत मी बोललो नाही, कारण मला शेवटी गंमत करायची होती. तो मोजायला विसरला. मी मोजून गप्प बसलो. संदेश, हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

आणि बसलो.  पडद्यावर गरुड येऊन गेला. शेवटच्या रांगेत संदेश माझ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. मला वाटलं, झालं, आता निदान खरं ते खरं. इतकी वर्षं छातीवर धरलेला दगड मी सगळ्यांसमोर ठेवला होता, आणि खोटं कशाला बोलू, तो दगड चांगलाच मोठा आहे असं मला वाटत होतं.

मग चहा होता. समोसे, प्रार्थनेनंतर. मी भिंतीला टेकून एकटा उभा होतो, जसं अशा माणसाने उभं राहायला हवं. डॅनियलकाका प्लेट घेऊन आले. हाउन्सलोहून येणारे, विमानतळावर सामान चढवण्यात तीस वर्षं काढलेले. त्या दिवशी डोंगरावर होते.

"आठ ना?" ते म्हणाले. "मीपण मोजले होते."

मला वाटलं सांत्वन करताहेत. "कधी?"

"तू मोजलेस तेव्हाच असेल. सवय आहे रे माझी, बॅगा मोजायची."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चर्चमध्ये चप्पल भिरकावली. "देवाचं वचन चालू होतं ना बाबा. मध्येच कसं बोलायचं?"

वहिनी चहाचा ट्रे घेऊन तिथेच होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला. "मला कळलं होतं मावशी दिसत नाहीयेत," त्या हळूच म्हणाल्या. "म्हटलं, आमेन होऊ दे, मग बघू."

"मी तर हात वर केला होता," एस्तेर म्हणाली. ती आता मँचेस्टरला शिकते, एकवीस वर्षांची. "सिरियसली. मी डॅडीला सांगणार होते, आणि मम्मीनी मला श्श केला."

"तुझ्या वडलांचं वचन चालू होतं," वहिनी म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

हे सगळं संदेश ऐकत उभा होता. हातात कागदी प्लेट. मला वाटलं आता तो ओरडेल. तसा त्याला हक्क होता.  त्याने प्लेट खिडकीत ठेवली, फोन काढला आणि नगरला लावला. तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ होती. आवाज स्पीकरवर टाकला.

"आई, ऐक. त्या दिवशी डोंगरावर. सगळे कुठे आहेत ते तुला माहीत होतं का?"

"आज कसं आठवलं? झाली का प्रार्थना? देवमाणूस होता रे तो."

"आई, माहीत होतं का?"

"माहीत म्हणजे? आवाज येत होता की त्याचा. मी त्या दगडी भिंतीमागे होते, वाट सोडून जरा आडबाजूला. शंभर पावलं असेल नसेल."

डॅनियलकाकांच्या हातातला समोसा प्लेटमध्ये परत गेला.

"मग तू गेली का नाहीस वर? हाक का नाही मारलीस?"

 पंचाहत्तर वर्षांच्या बाईला भर मंडळीसमोर हे विचारू नये, पण समोर मंडळी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. "अरे, वर वचन चालू आणि मी भिंतीआड कशाला बसले होते, ते काय हाक मारून सांगू? अशी मधूनच उठून सगळ्यांसमोर येऊ? म्हटलं, होऊ दे त्याचं, मग जाऊ. साडी नीट करून वर आले तर कुणी नाही. नुसतं धुकं. त्यांच्या हाका आल्या तशी आवाजामागे गेले, तर आवाज भलतीकडूनच."

"सात वर्षांत सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलं?"

संदेशने कपाळ खिडकीच्या काचेला टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. कशाने, ते मी पाहिलं नाही. डॅनियलकाका फोनच्या जवळ वाकले आणि मोठ्या आदराने विचारलं, "बाई, म्हणजे तुम्ही धडा ऐकलात पूर्ण?"

मावशींनी पूर्ण ऐकला होता. हरवलेल्या मेंढराचा होता, त्या म्हणाल्या. चांगला होता, पण लांबला.